कमोड, नहर आणि व्यंकटराव आडगावकर

ज्या गावात माणसं आधी माडी चढवतात आणि मग, कुणी विचारलंच तर, परवानगीचं बघू म्हणतात, त्या गावात व्यंकटराव आडगावकरांनी संडासातलं भांडं बदलण्यासाठी रीतसर अर्ज केला. खरं म्हणजे सगळी कथा एवढीच आहे. पण इथंच थांबलो तर व्यंकटरावांनी जे भोगलं त्याला न्याय मिळणार नाही, आणि न्याय तर त्यांना तसाही कुठं मिळाला नाही.

झालं होतं असं की दसऱ्याच्या आधी मीनाक्षीबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही आणि देशी संडासाकडं तर बघायचंसुद्धा नाही. औरंगपुऱ्यामागच्या गल्लीतल्या आडगावकरांच्या घरात जो होता तो देशीच होता. म्हणून मीनाक्षीबाई दवाखान्यातून थेट सिडकोत, मनस्विनीच्या फ्लॅटवर गेल्या. लेकीच्या घरी एक सोडून दोन कमोड होते. "आठ दिवसांत आपल्याकडं बसवतो आणि घेऊन जातो," असं व्यंकटराव बायकोला सांगून आले.

आता कुणी म्हणेल, मग व्यंकटराव स्वतःही लेकीकडं का राहिले नाहीत. त्याचं असं आहे, आडगावकरांच्यात लेकीच्या घरी जेवायचं नाही. त्यांच्या वडिलांच्या काळात तर नातू होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. व्यंकटरावांनी काळाची पावलं ओळखून चहापर्यंत सूट दिली होती. जेवण मात्र नाही आणि मुक्काम तर नाहीच नाही. जावई भला माणूस, त्यानं दोनदा आग्रह केला आणि तिसऱ्यांदा करायचं सोडून दिलं. त्यामुळं मीनाक्षीबाई सिडकोत, व्यंकटराव गल्लीत आणि मधे खानावळीचा डबा, अशी वाटणी झाली.

घरात त्यांना अजिबात करमेना. बसले की उठत, उठले की पुन्हा कुठं बसावं ते कळत नसे. वर्षानुवर्षं ते ओट्यावर पेपर वाचत आले होते आणि आत भांड्यांचा आवाज होत आला होता. तो आवाज आपण ऐकत होतो हे त्यांना आता, तो बंद पडल्यावर कळलं. बायकोवाचून जीव थाऱ्यावर नाही, हे ते कुणाला सांगणं शक्य नव्हतं. त्याऐवजी ते म्हणत, "कमोडाचं काम जरा अर्जंट आहे."

कामासाठी बिडकीनकडचा कडूबा मिस्त्री आला. त्यानं संडासाच्या मागच्या भिंतीवर दोन थापा मारल्या आणि निकाल दिला. "लई सोपं हाय, काका. ह्या भितीला भोक पाडायचं, तिकडून पाईप काढायचा, खाली थोडं फोडायचं अन् सीट ठिवायची. उद्या येऊ का?"

"आधी परवानगी काढावी लागेल," व्यंकटराव म्हणाले.

"कुणाची? काकूंची?" कडूबानं विचारलं.

शेजारच्या सुदर्शननं तर डोक्याला हात लावला. त्यानं स्वतःचं आजोबांच्या वेळचं घर पाडून तिथं तीन मजले आणि खाली मोबाईलचं दुकान उभं केलं होतं. त्याचं शास्त्र सोपं होतं. "काका, कॅलेंडरात सलग सुट्ट्या बघायच्या. शुक्रवारी संध्याकाळी हिरवा पडदा लावायचा, मंगळवारी काढायचा. आत काय झालं ते देवाला ठाऊक अन् देव काय तक्रार करतो का? तुम्ही तर नुसतं भांडं बदलायलेत."

पण व्यंकटराव सरकारी कचेरीत अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुसऱ्यांचे अर्ज समास कमी सोडला म्हणून परत करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अशा माणसानं चोरून भोक पाडायचं म्हणजे पुजाऱ्यानं देवळाची घंटा विकण्यासारखं होतं. त्यांनी चष्मा पुसला, कोरा कागद घेतला आणि अर्जाला बसले.

अर्ज वास्तविक दोन ओळींचा. संडासातलं भांडं बदलायचं आहे, परवानगी मिळावी, कळावे. पण पूर्वपीठिकेवाचून केलेला अर्ज हा व्यंकटरावांच्या मते अर्जच नव्हे. शिवाय वाचणाऱ्याला कळायला नको का, की अर्जदार कुणी ऐरागैरा नाही. म्हणून त्यांनी राघोपंत आडगावकरांपासून सुरुवात केली. राघोपंत हे त्यांचे पणजोबा. निजामी अमदानीत मोठ्या दफ्तरात होते, फारसी अशी लिहीत की मौलवी बघायला येत आणि त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीतून, मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून शहरात आणलेल्या नहरीचं पाणी खळखळत वाहत असे. हे आडगावकरांकडं आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चिवड्याबरोबर मिळत आलं होतं. खरं किती आणि फोडणी किती हे कुणी कधी तपासलं नव्हतं, कारण चिवडा चांगला असे. "सदर घर हे अशा प्रकारे शहराच्या इतिहासाचा मूक साक्षीदार असून," असं लिहून व्यंकटराव थांबले, स्वतःवर खूश झाले आणि शेवटी कुठंतरी कमोडाचा उल्लेख केला.

सुदर्शनच्या तीन मजल्यांकडं महापालिकेच्या ज्या कचेरीचं लक्ष गेलं नव्हतं तिचं या अर्जाकडं ताबडतोब गेलं. इतकं देखणं मराठी तिथं बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर, जो तो वाचून पुढं देत, जुन्या वास्तूंचं काम बघणाऱ्या नीरजा नावाच्या तरुण मुलीपर्यंत पोचला. ती टॉर्च, टेप आणि कॅमेरा घेऊन हजर झाली.

व्यंकटरावांनी तिला चिवडा दिला, राघोपंत सांगितले आणि मग संडास दाखवला. तिनं कडूबासारख्याच थापा मारल्या, पण तिचा चेहरा वेगळाच झाला. कोपऱ्यातला सुटलेला गिलावा तिनं बोटानं हळूच काढला. आत चुन्यात बसवलेला भाजक्या मातीचा नळ दिसत होता. मुलीचे डोळे भरून आले.

"काका, तुमच्या संडासात काय आहे याची तुम्हाला कल्पना आहे का?"

"आहे म्हणूनच बदलायचंय," व्यंकटराव म्हणाले.

"नहरीचा खापरी नळ आहे हा. मूळ जागेवरचा. या भिंतीला आता कुणीही हात लावायचा नाही."

फोडणीखाली खरोखरच भात निघाल्यावर माणसानं काय करावं? व्यंकटरावांना क्षणभर आनंदच झाला. राघोपंत खरे निघाले होते. मग त्यांनी भानावर येऊन कमोडाचं विचारलं. नीरजानं अगदी मायेनं नियम समजावला. जुन्या वास्तूत जे मोडकं असेल ते तसंच्या तसं, त्याच जागी, त्याच साहित्यानं दुरुस्त करता येतं. नवीन काही करता येत नाही. मूळ स्वरूप राखणं महत्त्वाचं.

"आणि मूळ स्वरूपात ना काका," ती थोडी संकोचून म्हणाली, "इथं संडास नव्हताच. आता आहे तोही तसा नंतरचाच बदल आहे."

व्यंकटराव तिथल्याच पालथ्या बादलीवर बसले. कमोड मागायला गेलेल्या माणसाचा होता तो संडासही जायची वेळ आली होती. जाताना नीरजानं दाराशेजारी एक कागद चिकटवला, त्यावर या वास्तूत कोणताही बदल करू नये असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

त्या दिवसापासून व्यंकटरावांच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी कचेरी, तिथं साहेब नाहीत. दुपारी पुन्हा कचेरी, तिथं साहेब आहेत पण फाईल नाही. मग चार वाजले की घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घालायचा, क्रांती चौकात उतरून दौलताबादची सीताफळं घ्यायची आणि रिक्षानं सिडको. सीताफळांबद्दल त्यांनी स्वतःच एक निकाल देऊन ठेवला होता. आपण नेलेलं फळ लेकीच्या घरी खाल्लं तर ते लेकीचं अन्न होत नाही.

मीनाक्षीबाई गॅलरीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या असत. व्यंकटराव समोर बसून दिवसभराचा अहवाल देत. कोण काय म्हणालं, त्यावर आपण काय म्हणालो, आपण काय म्हणायला पाहिजे होतं आणि रिक्षात बसल्यावर काय सुचलं. मीनाक्षीबाई सीताफळाच्या बिया बशीत टाकत "मग?" म्हणत. नळाची गोष्ट ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मलिक अंबराच्या वेळी आपल्या संडासात रोज पाणी होतं. आता आठवड्यातून एकदा येतं तेव्हा मी बादल्या भरत बसते." आणि गुडघे दाबून धरत हसल्या. त्यांना असं हसताना व्यंकटरावांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. परत निघताना त्यांचा पाय जड होई. आपण हिला लवकर घरी न्यायला हवं, नाहीतर हिला त्या फ्लॅटची, लिफ्टची आणि लेकीच्या हातच्या आयत्या चहाची सवय लागेल आणि ही कायमची इथलीच होऊन बसेल, अशी एक धास्ती त्यांनी घेतली होती. रिक्षात ती धास्ती वाढत जाई.

पुढच्या रविवारी मात्र जे झालं ते त्यांनी मीनाक्षीबाईंनाही अर्धंच सांगितलं. नीरजानं फोनवर विचारलं होतं, "काका, काही इतिहासप्रेमींना भिंत दाखवायला आणू का?" पाहुणा येतो म्हटल्यावर नाही म्हणायची आडगावकरांची रीत नव्हती, म्हणून व्यंकटरावांनी "अवश्य" म्हटलं होतं. वेळ त्यांनी विचारली नव्हती. इतिहासप्रेमी पहाटे उठतात हे त्यांना माहीत नव्हतं. व्यंकटराव संडासात बसलेले असताना बाहेर पंधरावीस जणांच्या चपला वाजल्या आणि नीरजाचा आवाज आला, "आणि या पत्र्याच्या दारामागं आहे या शहराचा खरा वारसा."

आतला वारसा गारठला. अशा वेळी मराठी माणसानं जे करायचं असतं ते त्यांनी केलं. ते मोठ्यानं खाकरले.

मग एका बाईंनी हळू आवाजात विचारलं, "हा आवाज नळातून येतोय का?"

काही वेळानं व्यंकटराव रिकामी बादली हातात घेऊन, मान ताठ ठेवून बाहेर आले. कुणी नमस्कार तरी करेल अशी त्यांची अपेक्षा होती. एका गृहस्थांनी मोबाईल उंच धरून सांगितलं, "काका, जरा बाजूला व्हा, भिंत येत नाहीये."

हे त्यांना लागलं. राघोपंतांचा पणतू स्वतःच्या संडासाच्या दारात नको झाला होता. त्याच दिवशी त्यांनी सुदर्शनचा सल्ला ऐकायचं ठरवलं, आणि सुदर्शनचा सल्ला ऐकायची वेळ येते तेव्हा माणसानं खरं तर घरी बसावं.

"काका, तुम्ही घर लई जुनं अन् लई भारी लिहिलं ना, तिथंच फसले," सुदर्शन म्हणाला. "आता दुसरा अर्ज टाका. घर काही जुनंबिनं नाही, पार खराब झालंय, असं लिहा. राघोपंतांना काढा त्याच्यातून."

राघोपंतांना काढणं व्यंकटरावांना जड गेलं. पण एकदा काढल्यावर मोकळी झालेली जागा भरणं आलं. लिहिणारा तोच, शैलीही तीच. "सदर घराच्या भिंती फुगलेल्या असून, आढं खचलेलं असून, पावसाळ्यात छत आणि आकाश यांत फरक करणे अवघड होते," असं त्यांनी लिहिलं. यातलं एक वाक्यही पूर्ण खरं नव्हतं, पण वाचताना अंगावर काटा येत होता.

तो ज्याच्या अंगावर आला तो होता शिवराज. मोडकळीला आलेली घरं पाडण्याचं काम बघणाऱ्या टेबलावरचा सज्जन, भित्रा तरुण. तो डोक्याला हेल्मेट घालूनच गल्लीत आला, लांबूनच भिंत पाहिली आणि नीरजाच्या कागदाशेजारी दुसरा कागद डकवला. "धोकादायक इमारत. तात्काळ रिकामी करून उतरवून घ्यावी."

आता घराच्या तोंडावर दोन सरकारी कागद होते. एक म्हणत होता विटेला हात लावू नका, दुसरा म्हणत होता वीट ठेवू नका. येणारेजाणारे थांबून दोन्ही वाचत आणि आत बसलेल्या व्यंकटरावांकडं सहानुभूतीनं बघत. सुदर्शन म्हणाला, "काका, आता 'भाड्याने देणे आहे' तेवढं राहिलं." व्यंकटरावांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

शेवटी मोठ्या साहेबांपुढं सुनावणी लागली. वडिलोपार्जित घर व्यंकटरावांनी निवृत्तीनंतर मीनाक्षीबाईंच्या नावावर केलं होतं, त्यामुळं मालकीण समक्ष हवी. मनस्विनी आईला गाडीतून घेऊन आली. मीनाक्षीबाई वॉकर टेकत टेकत व्हरांड्यातून चालत आल्या तेव्हा व्यंकटरावांना ते बघवेना. हिला इतकं चालवायचं, तेही एका भांड्यापायी. आज काय वाटेल ते करून निकाल लावायचा, असं त्यांनी ठरवलं.

साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. "आडगावकर, दोन्हीवर सही तुमचीच आहे. घर ऐतिहासिक आहे की धोकादायक आहे? एक काय ते सांगा. दोन्हीची फाईल वेगळी असते."

"दोन्ही नाही, साहेब. साधं घर आहे."

"साध्या घराची फाईल नसते."

"पण यांच्या पणजोबांचा इतिहास आहे," नीरजा मधेच म्हणाली. "ते मोठ्या दफ्तरात होते."

व्यंकटराव उभे राहिले. "राघोपंत दफ्तरात नव्हते," ते म्हणाले. "असले तर शिपाई असतील. फारसी त्यांना येत होती की नाही देव जाणे. मराठीसुद्धा जेमतेम असेल."

"काका, तुम्हीच तर मला सांगितलंत."

"ते चिवड्याबरोबर सांगायचं असतं, मुली. त्यावर कारवाई करायची नसते."

मीनाक्षीबाई नवऱ्याकडं बघतच राहिल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी राघोपंतांना पोळीभाजीसारखं रोज ऐकलं होतं. ज्या माणसानं एकदा बढती सोडली पण पणजोबांविरुद्ध शब्द ऐकून घेतला नाही, त्यानं आज भर कचेरीत पणजोबांना शिपाई केलं होतं, आणि ते त्यांच्या गुडघ्यांसाठी. त्यांना हसावं की काय करावं कळेना. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मग ऐतिहासिक नाही म्हणजे धोकादायक," शिवराजनं लगेच पकडलं. "पाडावं लागेल."

"नळ आहे त्यात. पाडताच येणार नाही," नीरजा म्हणाली.

"भिंत पडून माणूस मेलं तर नळ येणारे का उत्तर द्यायला?"

दोघांची जुंपली. साहेबांनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग कंटाळून मीनाक्षीबाईंकडं वळले. "बाई, तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"मला काय हवंय," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "बसता आलं म्हणजे झालं."

शिवराज बोलता बोलता थांबला. "मग खुर्ची का ठेवत नाही? माझ्या आईला आहे. मधे भोक असलेली, चार पायांची. देशी भांड्यावर ठेवली की झाला कमोड. काहीच फोडावं लागत नाही."

"भिंतीलाही धक्का लागत नाही," नीरजा उजळून म्हणाली. "फर्निचरला परवानगी कशाला?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्या दालनात असं सोपं काही बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नसावं. तेवढ्यात मनस्विनी म्हणाली, "आई, तीच ना ती, दवाखान्यातून निघताना दिलेली? आपल्या गॅलरीत घडी करून पडलीये ती?"

मीनाक्षीबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मग प्रश्नच मिटला," साहेब हात चोळत म्हणाले. "आडगावकर, अर्ज मागं घ्या. अर्ज नाही तर पाहणी नाही आणि पाहणी नाही तर तुमचं घर ऐतिहासिकही नाही आणि धोकादायकही नाही. दोन्ही कागद काढून घेऊ. आजच बाईंना घरी न्या."

"पाच मिनिटं द्या, साहेब," व्यंकटराव म्हणाले आणि बायकोशेजारच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना राग आला होता. उन्हातान्हातल्या खेपा, ती बादली, ते खाकरणं, आत्ताच शिपाई झालेले राघोपंत, सगळं एकदम वर आलं होतं. पण बोलताना आवाज लहानच निघाला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

मीनाक्षीबाईंनी वॉकरच्या दांड्यावरून हात फिरवला. "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घरी नेलं असतं. मग तुम्ही ओट्यावर पेपरात अन् मी आत. लेकीकडं तुम्ही रोज येता. इस्त्रीचा शर्ट घालून येता. माझ्यासमोर बसून तासतासभर बोलता. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं कधी बोलला होतात माझ्याशी?"

ओट्यावर बसून व्यंकटराव तो भांड्यांचा आवाज ऐकत होते, हे तिला कधी कळलंच नव्हतं. कळणार तरी कसं, त्यांनी सांगितलंच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. कुठं बघावं ते कळेना, म्हणून ते बराच वेळ तिच्या पायांकडं बघत राहिले.

"घरी यायचंय मला," त्या हळूच म्हणाल्या. "पण दिवाळी लेकीकडंच होऊ द्या."

व्यंकटराव उठून साहेबांच्या टेबलापाशी गेले. साहेबांनी अर्ज मागं घेतल्याच्या सहीसाठी कागद पुढं सरकवला. तो त्यांनी हलकेच परत सरकवला.

"अर्जदाराची तयारी झालेली नाही, साहेब," ते म्हणाले. "दिवाळीनंतरची तारीख द्या."

साहेबांच्या नोकरीत त्यांच्याकडं तारीख मागणारा हा पहिलाच नागरिक असावा. "अहो, पण तोवर ते धोकादायकचं तसंच राहील. तुम्हाला त्या घरात राहता येणार नाही."

"नियम म्हणजे नियम," व्यंकटराव म्हणाले. "सरकारनंच धोकादायक ठरवल्यावर मी तिथं राहणार कसा?"

मनस्विनीला ऑफिसला जायचं होतं, ती गाडी घेऊन पुढं गेली. व्यंकटरावांनी फाटकाशी रिक्षा थांबवली, आधी वॉकर आत ठेवला, मग बायकोला हात देऊन बसवलं. "कहाँ जाना, चाचा?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"सिडको," व्यंकटराव म्हणाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि लेकीला लावला.

"मनू, संध्याकाळी माझ्याही पोळ्या टाक."

पलीकडून लेकीनं विचारलं, "बाबा, किती?"

व्यंकटरावांनी मीनाक्षीबाईंकडं पाहिलं. "हिला विचार," ते म्हणाले आणि फोन बायकोच्या हातात दिला.